शंभर वाहिन्यांतून एक : टीव्ही ट्यूनर कार्ड घेण्याआधी

कॉम्प्युटरवर केबल बघायची म्हणून टीव्ही ट्यूनर कार्ड घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न हमखास विचारतो, "सगळ्यात स्वच्छ चित्र कुठल्या कार्डाचं?" आणि खोक्यावर त्याला वाचायला मिळतं काय, तर 'फुल एचडी', रिमोट, रेकॉर्डिंग आणि सोन्याचा मुलामा दिलेली पिन. शिवाय ग्राफिक कार्ड भारी असलं की टीव्हीही छान दिसणार, ही समजूत डोक्यात पक्की बसलेली असते. पण ग्राफिक कार्डापर्यंत चित्र पोचतं तोवर जे बिघडायचं ते बिघडून झालेलं असतं. केबलची तार कार्डात जिथे शिरते, तिथून पुढच्या चार-पाच सेंटिमीटरांत खरा निकाल लागतो. त्या जागेबद्दल खोक्यावर एक अक्षरही नसतं, म्हणून हा लेख.

माझ्याकडे एक जुनं पीसीआय कार्ड (कॉम्प्युटरच्या आतल्या स्लॉटमध्ये बसणारं) आहे, ॲनलॉग केबलच्या काळातलं. त्यावर काडेपेटीहून थोडा मोठा पत्र्याचा डबा झाळलेला आहे. त्याचं झाकण उचकटून आत पाहिलं, तर तांब्याच्या तारेची इवलीइवली वेटोळी ओळीने उभी, काही दोन फेऱ्यांची, काही पाच-सहा. नीट पाहिलं की दिसतं, सगळ्या फेऱ्या सारख्या अंतरावर नाहीत. काही मुद्दाम फाकवलेल्या आहेत. कारखान्यात जुळणी करताना मापकावर नजर ठेवून त्या फाकवतात, कारण वेटोळं जरासं ताणलं की ते ज्या वारंवारतेला साद देतं ती किंचित वर सरकते. या डब्यात नेमकं काय चालतं ते कळलं, की कार्ड निवडणं पुष्कळ सोपं होतं.

आधी तारेत काय आहे ते पाहू. आपण वाहिनी बदलली की केबलमधून दुसरी वाहिनी यायला लागते, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. सगळ्या वाहिन्या त्या एकाच तारेतून एकाच वेळी, रात्रंदिवस वाहत असतात. फक्त प्रत्येकीची वारंवारता वेगळी. साधारण ४७ ते ८६२ मेगाहर्ट्झ एवढा पट्टा धरला आणि तो ८ मेगाहर्ट्झच्या घरांत वाटला, तर शंभरेक घरं होतात. (काही देशांत घर ७ मेगाहर्ट्झचं असतं, काहींत ६.) आकाशातून येणाऱ्या ॲनलॉग प्रक्षेपणात एका गावात शेजारशेजारची घरं सहसा देत नसत, मधली मोकळी सोडत. केबलमध्ये ही चैन नाही. तिथे घराला घर चिकटलेलं. त्यामुळे केबलवरच्या ट्यूनरला एक वाहिनी पकडायला फारसे कष्ट पडत नाहीत. खरे कष्ट आहेत उरलेल्या नव्व्याण्णव बाहेर ठेवण्याचे.

मग बसवावी एक चाळणी, जी हवी ती वाहिनी जाऊ देईल आणि बाकीच्या अडवेल. अडचण अशी, की शेजारच्या घराच्या भिंतीशी कडक अडवणारी आणि शिवाय ४७ पासून ८६२ पर्यंत कुठेही सरकवता येणारी चाळणी बनवणं महाकठीण. सरकणारी चाळणी ढिली असते. कडक चाळणी एकाच जागी उभी राहते.

या कोंडीतून वाट काढली अमेरिकी रेडिओ-संशोधक एडविन आर्मस्ट्राँग यांनी, १९१८ साली, टीव्हीचा जन्मही झाला नव्हता तेव्हा. चाळणी सरकत नसेल, तर वाहिनीच उचलून चाळणीपाशी आणायची! अकरावीच्या त्रिकोणमितीत दोन कोज्यांचा (कोसाइनांचा) गुणाकार केला की त्यातून कोनांची बेरीज आणि वजाबाकी बाहेर पडते, ते आठवत असेल. रेडिओलहरींचंही तेच. दोन लहरींचा गुणाकार करणारं मंडल (सर्किट) बनवलं, की त्यातून दोन्ही वारंवारतांची बेरीज आणि वजाबाकी मिळते. समजा आपल्याला ३०६ मेगाहर्ट्झवरची वाहिनी हवी आहे आणि आपली कडक चाळणी ३६ वर पक्की आहे. कार्डातच ३४२ मेगाहर्ट्झची एक लहर तयार करायची आणि दोघींचा गुणाकार करायचा. ३४२ वजा ३०६ म्हणजे ३६. वाहिनी अलगद चाळणीच्या दारात येऊन उभी. पुढची, ३१४ वरची हवी असेल तर आपली लहर ३५० ची करायची, पुन्हा ३६. या युक्तीला सुपरहेटरोडाइन म्हणतात.

पण यात एक गोम आहे. ३७८ वजा ३४२ म्हणजेसुद्धा ३६ च. म्हणजे ३७८ मेगाहर्ट्झवरची भलतीच वाहिनीही त्याच दारात येऊन उभी राहते, आणि एकदा ती ३६ वर आली की दोघींना वेगळं करणं चाळणीच्या हाताबाहेरचं. हिला प्रतिमा वारंवारता म्हणतात. जुन्या ॲनलॉग केबलवर चित्रावरून तिरप्या रेघा सरकायच्या, किंवा मागे दुसऱ्याच कार्यक्रमाची पुसट सावली हलायची. त्यामागे अनेकदा ही प्रतिमा असे, आणि दोष मात्र केबलवाल्याच्या माथी जाई. तिला गुणाकाराच्या आधीच अडवावं लागतं. पत्र्याच्या डब्यातली ती वेटोळी याच कामाची. ती ढिली, पण सरकणारी चाळणी. आता सरकवायची कशी? वेटोळ्याला जोडलेल्या एका खास डायोडवर विजेचा उलटा दाब दिला, की दाबाप्रमाणे त्याची धारकता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते. दाब वाढवला की धारकता घटते आणि चाळणी वरच्या वारंवारतेकडे सरकते. यासाठी सुमारे ३० व्होल्टपर्यंतचा दाब लागतो. कॉम्प्युटरच्या स्लॉटमध्ये ५ आणि १२ व्होल्ट मिळतात, म्हणून या कार्डांवर दाब चढवणारं छोटं मंडल वेगळं असतं.

आता ती ३६ वरची कडक चाळणी. माझ्या मते अख्ख्या कार्डातली सगळ्यात सुंदर वस्तू हीच. ३६ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरीची लांबी आठ मीटरहून जास्त, खोलीत मावणार नाही एवढी. आणि चाळणी कडक करायची तर लहरीला बरीच तरंगलांबी चालायला लावावी लागते. नखाएवढ्या जागेत हे कसं साधायचं?

लहरीचा आवाज करून. लिथियम नायोबेटसारखा स्फटिक घ्यायचा, ज्याला वीज दिली की तो किंचित आकुंचन-प्रसरण पावतो. त्याच्या गुळगुळीत पृष्ठावर ॲल्युमिनियमच्या बारीक रेघांचे दोन कंगवे एकमेकांत दात घालून बसवायचे. कंगव्यांना सिग्नल दिला, की दातांखालचा स्फटिक थरथरतो आणि त्याच्या पृष्ठावरून एक यांत्रिक लाट चालू लागते. भूकंपात जमिनीच्या पृष्ठावरून सरकणाऱ्या लाटांचं गणित इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी १८८५ मध्ये मांडलं, ही तीच लाट, स्फटिकाच्या तुकड्यावर. ती सेकंदाला साडेतीन-चार किलोमीटरच जाते. प्रकाश जातो तीन लाख किलोमीटर. वेग इतका कमी, म्हणून लांबीही तितकीच आखडते. आठ मीटरची लहर इथे कागदाच्या जाडीएवढी, मिलिमीटरच्या दहाव्या भागाची होते. मग काही मिलिमीटरांच्या तुकड्यात अशा डझनावारी लाटा बसतात.

आता दातांची करामत. प्रत्येक दात आपली छोटी लाट सोडतो. ज्या वारंवारतेची तरंगलांबी दातांच्या अंतराशी जुळते, तिच्या सगळ्या छोट्या लाटा एका तालात पडून मोठ्या होतात. न जुळणाऱ्या वारंवारतेच्या लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. दात जितके जास्त, तितकी निवड कडक. शिवाय दोन कंगव्यांचे दात एकमेकांत कुठे किती खोल शिरलेत, त्यावर चाळणीची कड कशी उतरणार ते ठरतं, म्हणजे आकार अक्षरशः कोरता येतो. पलीकडच्या टोकाला आणखी एक कंगव्यांची जोडी त्या लाटेची पुन्हा वीज करते. पृष्ठलाट उठवण्याची ही कंगव्यांची रीत व्हाइट आणि वोल्टमर या संशोधकांनी १९६५ मध्ये दाखवली. पुढे घरोघरच्या टीव्हीत असा स्फटिक येऊन बसला. आपण बघत असलेला कार्यक्रम पडद्यावर येण्याआधी क्षणभर भूकंपाच्या लाटेचं रूप घेऊन येतो, हे माहीत झाल्यापासून मला तो स्फटिक ठेवलेल्या चपट्या डबीकडे नुसतं बघवत नाही.

नव्या कार्डांत आणि पेनड्राइव्हसारख्या डोंगलांत पत्र्याचा डबाही नाही आणि स्फटिकही नाही. सगळं एका सिलिकॉन चिपमध्ये गेलं. ती वाहिनीला फार खालच्या वारंवारतेवर आणते. एकमेकींपासून पाव फेरीने सरकलेल्या दोन लहरींशी वेगवेगळा गुणाकार करून प्रतिमेला गणितानेच वजा करते, आणि उरलेलं चाळण्याचं काम बऱ्याच अंशी आकड्यांत करते. चांगली सिलिकॉन चिप जुन्या डब्याच्या तोडीस तोड असते. मात्र डोंगल चालताना बरंच तापतं, म्हणून ते बंद कप्प्यात कोंबू नये.

आता खरेदीकडे. पहिली गोष्ट, कार्ड कुठल्या पद्धतीचं आहे ते बघा. डीव्हीबी-टी, डीव्हीबी-सी आणि डीव्हीबी-एस ही डिजिटल टीव्ही पाठवण्याच्या पद्धतींची तीन नावं दिसायला भावंडांसारखी. टी जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून होणाऱ्या प्रक्षेपणासाठी, सी केबलसाठी, एस उपग्रहासाठी. मी स्वतः एकदा डीव्हीबी-टीचं डोंगल आणून केबलला लावलं. पिन चपखल बसली, सॉफ्टवेअरने पूर्ण पट्टा धुंडाळला आणि शेवटी दाखवलं 'शून्य वाहिन्या'. डोंगल बिघडलेलं नव्हतंच. जमिनीवरच्या प्रक्षेपणात इमारतींवर आदळून परावर्तित लहरी येतात, म्हणून तिथे माहिती हजारो बारीक वाहकांवर (माहिती वाहून नेणाऱ्या लहरींवर) विखरून पाठवतात. केबलमध्ये तो त्रास कमी, म्हणून एकाच वाहकावर माहिती दाटीने भरतात. लहरीची उंची आणि कला (फेज) दोन्ही बदलून ६४ किंवा २५६ वेगवेगळ्या अवस्था करतात. त्यांना ६४-क्वाम, २५६-क्वाम म्हणतात. ६४ अवस्था म्हणजे एका ठोक्याला ६ बिट, आणि सेकंदाला ६८ लाख ७५ हजार ठोके. चुकादुरुस्तीचा वाटा वजा जाता एका ८ मेगाहर्ट्झच्या घरातून सेकंदाला सुमारे ३ कोटी ८० लाख बिट मिळतात, म्हणजे एका घरात अनेक वाहिन्या. उत्तर अमेरिकेत पद्धत वेगळी, तिथल्या केबलसाठी तिथलंच क्वाम कार्ड लागतं. तेव्हा खोक्यावर 'डिजिटल' लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका.

दुसरी गोष्ट कुलपाची. डिजिटल केबलवर माहिती १८८ बाइटांच्या पुडक्यांनी येते. पुडक्याच्या माथ्यावरचे ४ बाइट उघडे असतात, त्यातलेच दोन बिट सांगतात की आतला माल कुलूपबंद आहे की नाही. म्हणून असं होतं, की कार्ड वाहिन्यांची नावं भराभर दाखवतं, पण वाहिनी लावली की पडदा काळा. तसलंच दुसरं कार्ड आणून उपयोग नाही. केबल कंपनीचं अधिकृत कार्ड घालायची सोय असलेलं ट्यूनर लागतं, आणि कंपनीने ते द्यायलाही हवं. खरेदीआधी विचारून घ्या. कंपनी फक्त सेट टॉप बॉक्सच देत असेल, तर ट्यूनरचं काम तो बॉक्सच करतो. मग तुम्हाला हवं ते साधं कॅप्चर कार्ड, बॉक्सचं व्हिडिओ आउटपुट घेणारं. बॉक्सच्या एचडीएमआयवर बहुधा नक्कलबंदी असते, त्यामुळे ते आउटपुट कॅप्चर कार्डाकडून घेता येत नाही.

ॲनलॉग सिग्नल घ्यायचा असेल तर कार्डावर एमपीईजी-२ एन्कोडर, म्हणजे चित्राची माहिती आवळून लहान करणारी चिप, आहे का ते बघा. ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं चित्र सेकंदाला २५ वेळा, ठिपक्याला २ बाइट, म्हणजे सेकंदाला सुमारे २ कोटी ७ लाख बाइट. तासाभराचं रेकॉर्डिंग ७५ जीबी! जुन्या यूएसबी १.१ मधून सेकंदाला १५ लाख बाइटही धड जात नाहीत. डिजिटल केबलमध्ये हा प्रश्नच येत नाही, माहिती मुळातच आवळलेली येते.

सोन्याच्या पिनेने चित्र सुधारत नाही. सोनं गंजत नाही एवढाच त्याचा गुण. आणि 'सिग्नल बूस्टर' नावाने जे खपवतात त्यापासून फार सावध राहा. बूस्टर सिग्नलबरोबर गोंगाटही तितकाच वाढवतो आणि स्वतःचा थोडा वरून घालतो. लांब तारेच्या सुरुवातीला तो कामाचा आहे, कॉम्प्युटरजवळ जवळजवळ निरुपयोगी. शंभर वाहिन्या एकदम वाढवून ट्यूनरच्या तोंडात कोंबल्या, तर तो ताण न सोसून त्यांचे आपसांत गुणाकार करू लागतो आणि नसलेल्या वारंवारता निर्माण होतात. मग चित्र आधीपेक्षा वाईट.

कार्ड बसवल्यावर सॉफ्टवेअरमधली 'स्ट्रेंथ'ची पट्टी बघत बसू नका, तिच्याशेजारचा सिग्नल आणि गोंगाट यांच्या गुणोत्तराचा आकडा बघा, डेसिबलमधला. तेवढ्याच शक्तीत २५६-क्वामच्या अवस्था ६४-क्वामच्या अवस्थांपेक्षा निम्म्या अंतरावर असतात, म्हणून तिला सुमारे ६ डेसिबल जास्त स्वच्छता लागते. काही वाहिन्या छान आणि काहींवर चौकोन तुटताना दिसतात, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं. अशा वेळी वाटेतला स्प्लिटर (एका तारेला फाटे फोडणारा जोड) काढून पुन्हा आकडा बघा. दोन तोंडांचा स्प्लिटर निम्म्याहून जास्त शक्ती खातो. तार सोलून दोन्ही टोकांच्या पिना नव्याने बसवा आणि बाहेरच्या जाळीचा एखादा केसासारखा तंतू मधल्या तारेला चिकटलेला नाही ना, ते भिंगातून पाहा.