चौथं वर्ष की एमएस्सी पार्ट वन? कोल्हापुरातल्या केमिस्ट्रीची पार्श्वभूमी

कोल्हापुरात कॉलेजशिक्षणाची सुरुवात १८८० मध्ये, संस्थानच्या काळात झाली. पदवी मुंबईची, १९४९ नंतर पुण्याची आणि १९६२ पासून घरच्या, म्हणजे शिवाजी विद्यापीठाची. १९७५ मध्ये १०+२+३ या आकृतिबंधातली दहावीची पहिली परीक्षा झाली; पुढे त्यात 'इंटर सायन्स' हे कॉलेजचं जुनं वर्ष गेलं आणि बीएस्सी बारावीनंतर तीन वर्षांची झाली. तीन वर्षांनंतर बीएस्सीचंच चौथं वर्ष करायचं की एमएस्सीला जायचं, हा आजचा घोळ कळायला एवढा मागचा इतिहास पुरे.

इथे तोंडात बसलेला शब्द 'स्पेशल'. पहिल्या वर्षी तीन-चार विषय, शेवटी एकच, म्हणजे केमिस्ट्री स्पेशल. पुढे एमएस्सी पार्ट वनला, म्हणजे पहिल्या वर्षी, इनऑरगॅनिक, ऑरगॅनिक, फिजिकल, अनॅलिटिकल असं सगळं, आणि पार्ट टूला त्यातली एक शाखा. त्यालाही बोलताना स्पेशलच म्हणतात. ऑरगॅनिककडे ओढा जास्त, कारण औषध कंपन्यांतल्या नोकऱ्या.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने या गाडीला 'ऑनर्स' नावाचा नवा डबा जोडला, आणि तिथेच गुंता झाला. अनेक पालकांना ऑनर्स म्हणजे जास्त मार्कांची पदवी वाटते. तसं नाही. तीन वर्षं केली की साधी पदवी, चार केली की ऑनर्स. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के असतील तर चौथ्या वर्षी १२ क्रेडिटचा प्रकल्प घेऊन 'ऑनर्स विथ रिसर्च'. तीन वर्षांवर एमएस्सी दोन वर्षांची, चार वर्षांवर एकच वर्षाची. २०२२ मध्ये एमफिल ही पीएचडीआधीची संशोधन पदवी बंद झाली आणि चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के असणाऱ्यांना पीएचडीचं दार थेट उघडलं.

कागदावर चौथं वर्ष आणि एमएस्सी पार्ट वन एकाच पातळीवर येतात, राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यातल्या ६.० वर. वादाचं मूळ हेच. एक मुलगी तालुक्याच्या कॉलेजात चौथं वर्ष करते, दुसरी विद्यापीठात पार्ट वन. पातळी सारखी, पण प्रयोगशाळा सारखी आहे का? घरून ये-जा करणारीचा खोलीभाड्याचा आणि मेसचा खर्च वाचतो, ही चौथ्या वर्षाची खरी जमेची बाजू. पण केमिस्ट्री वहीत होत नाही. साधं बेरियम सल्फेटचं वजन काढायचं उदाहरण घ्या. गरम द्रावणात थेंबथेंब अभिकर्मक सोडायचा, तयार झालेला पीपीटी, म्हणजे अवक्षेप (साका), खाली बसू द्यायचा, गाळायचा, धुवायचा, क्रुसिबलमध्ये (मुशीत) तापवायचा, ओल लागू न देणाऱ्या डेसिकेटरमध्ये गार करायचा, वजन घ्यायचं आणि लागोपाठची दोन वजनं जुळेपर्यंत पुन्हा तापवायचं. यात अख्खा दिवस जातो. तराजूपुढे रांग असेल तर मुलं शेजाऱ्याचं रीडिंग उतरवतात आणि जर्नल पूर्ण होतं. अशा प्रयोगशाळेत संशोधन प्रकल्प ठेवायचा म्हणजे मुलांचं वर्ष घालवणं. विषारी वाफा बाहेर ओढणारा फ्यूम हूड, पुरेशी रसायनं आणि मार्गदर्शनाला मोकळे असलेले पीएचडीधारक शिक्षक जिथे आहेत तिथेच चौथं वर्ष उघडावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

राज्यातल्या संलग्न कॉलेजांना नवा आराखडा २०२४-२५ पासून लागू झाला. तेव्हा पहिल्या वर्षाला बसलेली मुलं २०२७ च्या जूनमध्ये चौथ्या वर्षाच्या दारात असतील.