लैंगिक आरोग्याचा निरोप कुणाच्या तोंडून?

१ डिसेंबरचा जागतिक एड्स दिन जवळ आला की कॉलेजांत भित्तिपत्रक स्पर्धा लागतात. विषय ठरलेला, घोषवाक्यही ठरलेलं. मुलांनी लाल फीत काढायची, बाजूला कवटी किंवा साप, खाली ‘संयम पाळा, एड्स टाळा’. अहवालात नोंद होते: जनजागृतीत तरुणांचा सहभाग. याला सहभाग म्हणायला माझी तयारी नाही. मुलांना काय विचारायचंय, ती कुणाला विचारतात आणि कुणाचं ऐकतात, यातलं काहीच कुणी त्यांना विचारलेलं नसतं.

यातला शेवटचा प्रश्न मला फार आवडतो, कारण त्याचं निम्मं उत्तर गणितात आहे.

पाच जणांचा गट घ्या. सायलीची अमित, रेश्मा, तुषार आणि पूजा या चौघांशी मैत्री आहे. तुषार आणि पूजा एकमेकांचेही मित्र. बाकी कुणाचं कुणाशी नातं नाही. म्हणजे सायलीला ४ मित्र, तुषार-पूजाला २-२, अमित-रेश्माला १-१. बेरीज १०, सरासरी २. आता प्रत्येकाने आपल्या सगळ्या मित्रांची नावं लिहायची. दहा नावं जमतील: सायलीचं चारदा, तुषार-पूजाचं दोन-दोनदा, अमित-रेश्माचं एकेकदा. प्रत्येक नावापुढे त्या व्यक्तीची मित्रसंख्या मांडा. १६ + ४ + ४ + १ + १ = २६. दहाने भागा, सरासरी २.६.

म्हणजे वर्गातला सरासरी विद्यार्थी २ मित्रांचा, पण मित्रांनी घेतलेल्या नावांची सरासरी २.६. ज्याला मित्र जास्त, त्याचं नाव जास्त वेळा येतं, म्हणून यादी आपोआप त्याच्याकडे झुकते. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी १९९१ साली हा ‘मैत्रीचा विरोधाभास’ मांडला. सूत्रही सुरेख आहे: सरासरी, अधिक प्रचरण भागिले सरासरी. प्रचरण म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप. आपल्या गटात ते १.२ आहे, म्हणून २ + ०.६. सगळ्यांना अगदी सारखेच मित्र असतील तरच हा फरक शून्य होतो, आणि तसा वर्ग कुठेच नसतो.

२००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत ख्रिस्ताकिस आणि फाउलर या संशोधकांनी हे अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात पडताळून पाहिलं. सरसकट निवडलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा, त्यांनी नावं सांगितलेल्या मित्रांमध्ये साथ सुमारे दोन आठवडे आधी पोचली.

पण फ्लू एका खोकल्याने लागतो, सवय तशी लागत नाही. औषधाच्या दुकानात कंडोम मागणं, तपासणीला जाणं, यात लाज आडवी येते आणि ती एकाने सांगून मोडत नाही. समाजशास्त्रज्ञ डेमन सेंटोला यांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एकाहून जास्त ऑनलाइन साथीदारांकडून सूचना मिळाली की आरोग्यविषयक संकेतस्थळावर नाव नोंदवण्याची शक्यता वाढत होती. म्हणूनच लाखभर फॉलोअर्सवाल्या इन्फ्लुएन्सरला गाठून एक रील करून घेतली की मोहीम झाली, हा सध्याचा उत्साह मला पटत नाही.

जास्त मित्र असलेली मुलं शोधणं आणि तीच गोष्ट एकाहून जास्त मित्रांकडून कानावर पडणं, या दोन्ही गोष्टी एकत्र कशा बांधायच्या, हे इंग्लंड आणि वेल्समधल्या ५९ शाळांतल्या ‘असिस्ट’ चाचणीने दाखवलं. विषय धूम्रपानाचा होता. तुम्ही कुणाला मानता, असं १२-१३ वर्षांच्या मुलांनाच विचारलं. सर्वाधिक नावं आलेली सुमारे १५ टक्के मुलं निवडली आणि त्यांना शाळेबाहेर दोन दिवस प्रशिक्षण दिलं. भाषण नाही, फलक नाही. दहा आठवडे फक्त मित्रांशी गप्पा मारताना विषय काढायचा. २००८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: नियमित धूम्रपान करणाऱ्यांचं न करणाऱ्यांशी असलेलं गुणोत्तर (ऑड्स) इतर शाळांच्या तुलनेत २२ टक्क्यांनी कमी होतं. मला इथे १५ टक्क्यांचं मोल वाटतं, कारण तेवढ्या प्रमाणात प्रत्येकाच्या आसपास असे दोघं-तिघं असतातच.

हाच साचा पुढे स्कॉटलंडमध्ये ‘स्टॅश’ नावाने लैंगिक आरोग्यासाठी सहा शाळांत वापरून पाहिला. १४ ते १६ वर्षांची निवडलेली मुलं बंद फेसबुक गटांत मजकूर टाकत, स्वतःच्या शब्दांत लिहीत, आणि प्रशिक्षक त्यावर लक्ष ठेवत. असं करणं जमतं का, एवढंच या अभ्यासाला पाहायचं होतं. ते जमलं.

आपल्याकडे ७ जानेवारी २०१४ ला राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्यात गावागणिक दोन मुलगे आणि दोन मुली ‘साथिया’ असतात. ज्या महाराष्ट्राने २००७ मध्ये शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं, त्या राज्यासाठी हे मोठंच पाऊल. फक्त निवड मोठी माणसं करतात, आशाताई आणि गावची समिती. त्यांच्या नजरेत भरणारी गुणी मुलगी मैत्रिणींच्या यादीत असेलच असं नाही. मुलांना एकदा चिठ्ठीवर नावं लिहू द्यायला खर्च काहीच नाही.

खोटी माहिती तर याच जाळ्यातून फिरते. एसटी स्टँडजवळच्या भिंतीवर ‘धातू जाणे, गुप्तरोग, शर्तिया इलाज’ वाचलेला मुलगा डॉक्टरांकडे जात नाही, मित्राला विचारतो. मित्र सांगतो, वीर्याचा एक थेंब चाळीस थेंब रक्ताचा. हे धादांत खोटं आहे. वीर्य रक्त आटवून होत नाही. त्यातला बहुतेक द्रव शुक्राशय आणि पुरस्थ ग्रंथी (प्रोस्टेट) तयार करतात. स्वप्नदोष हा ‘दोष’ नाही. हे त्याच मित्राने सांगितलं तर पोचेल, पण त्यासाठी ते आधी त्याला ठाऊक हवं.

मजकूर मुलांनीच लिहावा, पण डॉक्टरांच्या किंवा समुपदेशकांच्या डोळ्यांखालून जावा. ‘काल संबंध आला, आज चाचणी निगेटिव्ह, सुटलो’ अशी पोस्ट तिथेच अडवायला हवी. एचआयव्हीची बाधा चाचणीत दिसायला काही आठवडे लागू शकतात. त्या मुलाला सांगायला हवं ते असं: ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठ, प्रतिबंधक औषधं सुरू करता येतात, सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, तपासणी मोफत होते आणि गुप्त राहते, आणि कुणाशीच बोलवत नसेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन कर, त्याला पैसे पडत नाहीत.