किलिफी संशोधन कार्यक्रम

पूर्व आफ्रिकेतील केनियाच्या किनाऱ्यावर, मोंबासाच्या उत्तरेस सुमारे ६० किमी.वर असलेल्या किलिफी या गावी १९८९ पासून चालू असलेला वैद्यकीय संशोधनाचा कार्यक्रम. केनिया वैद्यकीय संशोधन संस्था (केमरी), इंग्लंडमधील ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि वेलकम ट्रस्ट हा लंडनचा धर्मादाय न्यास यांनी तो मिळून उभा केला. आफ्रिकी आणि युरोपीय संस्थांच्या संशोधन-भागीदारीचे हे सर्वांत टिकाऊ उदाहरणांपैकी एक आहे.

आफ्रिकेतील रोगांचा अभ्यास युरोपीय विद्यापीठे फार पूर्वीपासून करत आली. पुष्कळदा त्याची तऱ्हा एकच असे : रक्ताचे नमुने गोळा करायचे, मायदेशी न्यायचे, निबंध तिकडे छापायचा. केव्हिन मार्श आणि नॉर्बर्ट पेशू या डॉक्टरांनी किलिफीत मूठभर सहकाऱ्यांसह काम सुरू केले ते मात्र तिथल्या सरकारी रुग्णालयाच्या आवारात. मुलांच्या वॉर्डातले उपचार आणि संशोधन हातात हात घालून चालले, हेच या कार्यक्रमाचे खरे बळ.

सुरुवातीचा प्रश्न वॉर्डातूनच आला. पावसाळ्यानंतर मलेरियाची मुले रांगेने येतात. त्यांतले कोणते मूल आज रात्री दगावेल? दाखल झालेल्या १,८४४ मुलांचा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतली ६४ मुले वाचली नाहीत, आणि त्या ६४ पैकी ५४ जणांत दोनपैकी निदान एक लक्षण होते : शुद्ध हरपणे किंवा श्वासाला त्रास होणे. ही लक्षणे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. आईच्या मांडीवरच्या मुलाची छाती कशी वरखाली होते, हाक मारल्यावर ते डोळे वळवते का, एवढे परिचारिकेने पाहिले तरी पुरते. आडगावच्या दवाखान्यासाठी याहून उपयोगी ज्ञान क्वचितच असेल. पुढच्याच वर्षी, कीटकनाशकात भिजवलेल्या मच्छरदाण्यांमुळे या भागातील बालमृत्यू सुमारे ३३ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले.

किलिफीतून काम करणाऱ्या कॅथरिन मेटलंड यांच्या नेतृत्वाखाली केनिया, युगांडा व टांझानियात झालेली चाचणी याहून धक्कादायक ठरली. तीव्र ताप, गार पडलेले हातपाय आणि मंदावलेले रक्ताभिसरण अशा मुलाला शिरेतून भराभर सलाईन द्यावे, असा श्रीमंत देशांतला प्रघात होता. चाचणीत ३,१४१ मुले होती. भराभर द्रव दिलेल्या गटांत पहिल्या ४८ तासांत सुमारे साडेदहा टक्के मुले दगावली. न दिलेल्या गटात ७.३ टक्के. चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली आणि निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. अतिदक्षता विभाग नसलेल्या रुग्णालयात काय करावे, हे त्याच रुग्णालयात तपासायला हवे होते आणि तिथेच ते तपासले गेले.

२००० पासून रुग्णालयाभोवतीच्या ८९१ चौ.किमी. प्रदेशातील अडीच लाखांहून अधिक लोकांची नोंदवही ठेवली जाते. कर्मचारी वर्षातून अनेकदा घरोघरी जाऊन जन्म, मृत्यू व स्थलांतर टिपतात, आणि ती माहिती रुग्णालयातील नोंदींशी जोडली जाते. एखादी लस सुरू झाल्यावर रोग किती हटला, हे म्हणूनच इथे नेमके सांगता येते. २०११ मध्ये न्यूमोकॉकस या न्यूमोनिया व मेंदूज्वर करणाऱ्या जिवाणूविरोधी लस आल्यानंतर पाच वर्षांखालील मुलांत, लसीत समाविष्ट असलेल्या त्याच्या प्रकारांमुळे होणारे गंभीर आजार ९२ टक्क्यांनी घटले.

हे सारे विश्वासावर उभे आहे आणि तो सहज मिळालेला नाही. इथल्या गिर्यामा व इतर मिजिकेंडा समाजांत, रक्त नेमके कशासाठी नेतात याबद्दल शंका आणि अफवा होत्या. कार्यक्रमाने त्या अडाणीपणा म्हणून झटकल्या नाहीत, हे महत्त्वाचे. संमतीपत्र स्थानिक भाषेत समजावून सांगणे आणि गावांनी निवडलेल्या प्रतिनिधींशी नियमित बोलणे हा कामाचाच भाग झाला.

पैसा बराच काळ मुख्यतः ब्रिटनमधून येत राहिला, पीएच.डी.साठी अनेक केनियन संशोधकांना ब्रिटिश विद्यापीठांतच नोंदणी करावी लागली. विषय कोण ठरवणार, हा प्रश्न त्यामुळे सुटलेला नाही. तरी चित्र बदलते आहे : किलिफीतल्याच प्वानी विद्यापीठाच्या जोडीने आरोग्य-संशोधनाचे शिक्षण दिले जाते, आणि कोविडच्या साथीत केनियातील विषाणूंचे जनुकीय वाचन किलिफीच्या प्रयोगशाळेत झाले.

या कार्यक्रमाचा महाराष्ट्राशीही संबंध आहे. ऑक्सफर्डने विकसित केलेली आर२१ ही मलेरियाची लस पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते. तिची तिसऱ्या टप्प्यातील चाचणी बुर्किना फासो, माली, टांझानिया आणि केनियात झाली. केनियातले केंद्र किलिफी होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या लसीची शिफारस केली.