साथरोगकाळातील लहान सेवाभावी संस्था (पुणे)

साथीच्या काळात सरकारी आरोग्ययंत्रणा आणि रुग्णाचे घर यांच्यामधले जेवण, शुश्रूषा, ने-आण व अंत्यविधीचे काम उचलणाऱ्या, मुख्यतः वर्गणी व स्वयंसेवक यांवर चालणाऱ्या संस्था. महाराष्ट्रात अशा संस्थांची नोंदणी सामान्यतः 1860 चा संस्था नोंदणी अधिनियम आणि 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम यांखाली होते. मात्र साथीत उभी राहणारी बरीच मंडळे नोंदणीपूर्वीच कामाला लागलेली असतात.

पुण्यातील या कार्याचा उगम 1897 च्या प्लेगमध्ये मानण्याचा प्रघात आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत साथरोग अधिनियम लागू झाला, रँडच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली आणि मार्चच्या मध्याच्या सुमारास गोऱ्या सैनिकांकरवी घरझडत्या सुरू झाल्या. सक्तीच्या विलगीकरणाविषयीच्या रोषातून खाजगी मदतकार्य जन्मले, असे एक मत असून लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने निघालेल्या हिंदू प्लेग रुग्णालयापुरते ते पटण्याजोगे आहे. परंतु हडपसरच्या माळावर डॉ. यशवंत फुले यांनी चालविलेला दवाखाना या चौकटीत बसत नाही; तेथे रुग्णसेवा करताना लागण होऊन सावित्रीबाई फुले 10 मार्च 1897 रोजी, म्हणजे झडत्यांचा कहर होण्यापूर्वीच, निवर्तल्या. मुंढव्याहून एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले, ही चरित्रांतील हकिकत प्रसिद्धच आहे. जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाने 1877 च्या दुष्काळात धनकवडी येथे मुलांसाठी अन्नछत्र चालविले होते, हे ध्यानात घेता उगम त्या परंपरेत शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. शुश्रूषेला प्रशिक्षणाची जोड पुढे 1909 मध्ये रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने दिली.

महाराष्ट्रातील पहिले कोविड रुग्ण 9 मार्च 2020 रोजी पुण्यातच आढळले. टाळेबंदीत पोळी-भाजीची पाकिटे व शिधा वाटण्यात गणेश मंडळांचे जाळे उपयोगी पडले, कारण कोणत्या चाळीत कोण एकटे राहते हे कार्यकर्त्यांना तोंडपाठ होते. पैशाची बाजू मात्र लंगडी राहिली. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी पीएम केअर्सकडे वळविण्यास मार्च 2020 अखेर मुभा मिळाली. परकीय देणग्यांचे नियमन करणाऱ्या कायद्यात (एफसीआरए) सप्टेंबरमध्ये झालेल्या दुरुस्तीने परकीय देणगी एका संस्थेने दुसरीस देण्यास मनाई झाली आणि त्यातून करावयाच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 वरून 20 टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेमार्फत अशी देणगी मिळवणाऱ्या लहान संस्थांचा तो मार्ग त्यामुळे बंद झाला.

रुग्णोपयोगी साहित्य केंद्रे, म्हणजे अनामत ठेवून खाट, कुबड्या, हवेची गादी घरी देण्याची सोय, ही शहराची जुनी पद्धत. 2021 च्या दुसऱ्या लाटेत तिच्यात ऑक्सिजन काँसंट्रेटरची भर पडली.