गुठळी फोडणं वेगळं, सगळीकडे पोचवणं वेगळं

पिठल्यात बेसनाच्या गुठळ्या धरल्या, की नुसतं ढवळून त्या कढईभर सारख्या फिरतात, मोडत मात्र नाहीत. मोडायला पळीच्या पाठीनं कढईच्या कडेला दाबाव्या लागतात. बडोद्यात मकरपुऱ्याच्या शेडमध्ये ट्विन-स्क्रूवर (दोन स्क्रूंनी प्लास्टिक वितळवून कालवणाऱ्या यंत्रावर), प्लास्टिकमधून वीज वाहावी म्हणून त्यात कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) घालणाऱ्यांपुढे हाच पेच असतो. गुठळी मोडणं हे डिस्पर्शन, मोडलेला माल सगळीकडे सारखा पोचवणं हे डिस्ट्रिब्युशन. बोलण्यात दोन्ही ‘मिक्सिंग’ होतात आणि मीटरनं मेगाओहम दाखवले, म्हणजे रोध फार निघाला, की पहिला उपाय म्हणून ट्यूबच वाढवल्या जातात. हा सगळ्यात महागडा उपाय.

मल्टिवॉल (एकात एक अनेक भिंतींची) ट्यूब साधारण 10 नॅनोमीटर जाड आणि एक-दीड मायक्रॉन लांब असते. एकमेकींत गुंतलेल्या, व्हॅन डर वाल्स ओढीनं चिकटलेल्या अशा ट्यूबांचे गोळे पावडरीत येतात. ते फोडायला ताण लागतो. म्हणजे मेल्ट (वितळलेलं प्लास्टिक) पुरेसा घट्ट हवा आणि स्क्रूवर रुंद नीडिंग डिस्क (माल दाबून मळणाऱ्या चकत्या) हव्यात. त्याआधी मेल्ट गोळ्याच्या पोटात मुरावा लागतो, कोरडा गोळा फुटायला जड जातो. इथेच ओढाताण आहे: तापमान चढवलं की मेल्ट लवकर मुरतो, पण पातळ झाल्यानं ताण पडतो कमी. पावसाळ्यात पॉलिकार्बोनेट (एक प्लास्टिक) 120 अंशांवर चारेक तास न वाळवता घेतलं, तर ओलीनं रेणूंच्या साखळ्या तुटून मेल्ट आपोआपच पातळ होतो, आणि गेल्या महिन्यातल्याच सेटिंगवर गोळे दिसू लागतात. उलट, नीडिंगचा अतिरेक केला की ट्यूबच तुटून आखूड होतात आणि वीज वाहून नेणारं ट्यूबांचं जाळं धरायला जास्त माल लागतो.

डिस्ट्रिब्युशनला जोर नको, पुन्हापुन्हा कापणं आणि घडी घालणं हवं. त्यासाठी अरुंद डिस्क आणि दातेरी मिक्सिंग एलिमेंट, तेही फोडण्याच्या टप्प्यानंतर.

दोष कुठला, हे स्ट्रँडवर (यंत्रातून बाहेर येणाऱ्या प्लास्टिकच्या दोरीवर) कळतं. मायक्रोटोमवर (पातळ काप घेणारं यंत्र, पॅथॉलॉजीत असतं तेच) 5 ते 10 मायक्रॉनची काप घेऊन साध्या सूक्ष्मदर्शकाखाली धरा. काळे ठिपके भरपूर, पण सगळीकडे सारखेच विखुरलेले: गोळे फोडणं कमी पडलं. ठिपके नाहीत, पण स्ट्रँडच्या दर मीटरला रोध वेगळा: फीडर (माल सोडणारं यंत्र) हेलकावतोय किंवा वाटप नीट नाही. एक गोष्ट चटकन पटत नाही, ती अशी की प्रत्येक ट्यूब शेजारणीपासून सुटी केली तर वीज वाहणारच नाही. फुटलेल्या ट्यूबा पुन्हा सैलसर टेकाव्या लागतात, तेव्हाच जाळं जुळतं.

ब्लेंडमध्ये, म्हणजे दोन प्लास्टिकच्या मिश्रणात, तिसरा प्रश्न येतो: ट्यूबा कुठल्या फेजमध्ये (दोनांपैकी कुठल्या प्लास्टिकच्या भागात) बसल्या? पॉलिकार्बोनेट आणि सॅन (SAN, स्टायरीन-ॲक्रिलोनायट्राइल) एकत्र असले तर त्या पॉलिकार्बोनेटकडे जातात. आधी सॅनमध्ये मिसळून घातल्या तरी मेल्टमध्ये घर बदलतात. हे फायद्याचं ठरू शकतं. 60:40 च्या 99 किलो ब्लेंडमध्ये 1 किलो ट्यूब घातल्या, तर पॉलिकार्बोनेटच्या वाट्याला टक्क्याऐवजी सुमारे 1.7 टक्के येतात. (15 टक्क्यांची मास्टरबॅच, म्हणजे रेझिनमध्ये आधीच दाट मिसळलेल्या ट्यूबा, वापरली तर ती 6.67 किलो लागेल; तिच्यातलं रेझिन हिशेबात धरायला विसरू नका.) मात्र पॉलिकार्बोनेट अखंड राहिलं पाहिजे. ते कमी पडून थेंबाथेंबांनी विखुरलं, तर प्रत्येक थेंब आतून वीज वाहणारा आणि तरीही पार्ट इन्सुलेटर, असा प्रकार होतो. काप स्वच्छ दिसते, म्हणून लोक मशीनला दोष देतात. इथे बदलायचं ते गुणोत्तर.

आणि मीटर पार्टच्या पृष्ठभागावर टेकवून निकाल देऊ नका. जोरात इंजेक्शन केलं की सालीतल्या ट्यूबा प्रवाहाच्या दिशेनं आडव्या होतात आणि एकमेकींपासून सुटतात. दोन टोकं कापून, कापलेल्या कडांना सिल्व्हर पेंट लावून मोजा. मग तोच तुकडा 260 अंशांवर हळूहळू दाबून पुन्हा मोजा. रोध घसरला, तर कंपाउंड ठीक आहे, मोल्डिंगचा वेग कमी करा.