विमान लेट, हक्क कागदावर

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर 'विमान उशिरा सुटेल' अशी घोषणा झाली की लोक आधी मोबाइल काढतात. कुणी महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट मिळतंय का बघतं, कुणी रात्रीच्या स्लीपरचं. कुणी सोडून गेलेल्या ड्रायव्हरला फोन लावतं, "लांब गेला नसशील तर माघारी ये." काउंटरवर जाऊन नियम विचारणारा एखादाच. कोल्हापूरकर भिडस्त आहे म्हणून असं होतं, यावर कोल्हापुरात तरी कुणी विश्वास ठेवणार नाही. नियम आहेत, पण ते लिहिताना डोळ्यांसमोर होता तो मुंबई-दिल्लीचा प्रवासी, ज्याला हे विमान नाही तर पुढचं मिळतं.

उशिराची जबाबदारी कंपनीवर, हे तत्त्व तसं जुनं. 1929 च्या वॉर्सा करारात ते आलं आणि 'आम्ही शक्य ते सगळं केलं होतं' असं सिद्ध केलं की सुटका, ही पळवाटही त्याच करारात आली. भारतात त्यावरून 1934 चा आणि मग 1972 चा कायदा झाला. आंतरराष्ट्रीय प्रवासाला 2009 पासून माँट्रियल करार लागू आहे. देशांतर्गत प्रवाशाची कथा वेगळी. 1953 मध्ये विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं, तो कायदा 1994 मध्ये रद्द झाला; मधली चार दशकं विमान सरकारी होतं आणि उशीरही सरकारीच. तक्रार करून जायचं कुठं?

कोल्हापूरला तर विमान असणं हीच बातमी होती. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, 1939 मध्ये इथला विमानतळ सुरू झाला. पण नियमित सेवा पुढं कितीदा आली आणि गेली. किंगफिशरचं मुंबईचं विमान 2011 मध्ये बंद पडलं, त्यानंतर धावपट्टी सहा-सात वर्षं जवळपास रिकामीच. छोट्या शहरांना स्वस्त विमानसेवा देण्याच्या केंद्राच्या 'उडान' योजनेतून 2018 मध्ये सेवा पुन्हा सुरू झाली. नवीन टर्मिनल 2024 चं.

आज ज्याला प्रवाशांचे हक्क म्हणतात ते बहुतेक सगळे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, 2010 च्या नियमावलीत आहेत. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की खाणंपिणं द्यायचं. हा नियम बऱ्यापैकी पाळला जातो: सँडविच आणि ज्यूसचा खोका हातात पडतो, माणूस थोडा वेळ गप्प बसतो. उशीर सहा तासांच्या पुढं जाणार असेल तर सहा तासांच्या आत दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत. रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणारं विमान सहा तासांहून जास्त लांबलं तर हॉटेल. नुसत्या उशिरासाठी रोख भरपाई मात्र नाही. युरोपात ती 2009 च्या न्यायालयीन निकालापासून तीन तासांच्या उशिराला मिळू शकते.

आता हे कोल्हापूरला लावून बघा. इथून एखाद्या गावाला दिवसात बहुधा एकच विमान, काही मार्गांवर तर आठवड्यातून मोजकेच दिवस. सहा तासांत दुसरं विमान आणणार कुठून? राहतो तो रिफंड, आणि रिफंड घेऊन माणूस कावळा नाक्यावर बसची वाट बघत उभा.

रद्द झालेल्या विमानाची भरपाईही अशीच. वेळेत न कळवता विमान रद्द केलं तर तासाभरापर्यंतच्या उड्डाणाला 5000 रुपये, दोन तासांपर्यंत 7500, त्यावर 10000. किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. खरी मेख 'कमी' या अटीत आहे. 'उडान'ची काही तिकिटं तासाभराच्या प्रवासाला 2500 च्या आसपास बांधलेली होती. म्हणजे स्वस्त तिकीटवाल्याला भरपाईही स्वस्त. बुडालेली तारीख, मुलाखत, दवाखान्याची वेळ मात्र तेवढीच महाग.

शिवाय हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, सुरक्षा ही कारणं असली तर भरपाई नाहीच. कोल्हापुरात पावसाळ्यात ढग खाली येतात, ते खरंच आहे. रात्री उतरायची सोय नव्हती तेव्हा दुपारचं विमान चार तास लांबलं की मावळतीपुढं ते रद्दच व्हायचं. छोटी विमानं दिवसभर या गावाहून त्या गावाला फिरतात, त्यामुळं सकाळचा उशीर संध्याकाळच्या प्रवाशाच्या माथी. मग कारण हवामान की नियोजन, हे ठरवणार कोण?

सर्वोच्च न्यायालयानं 2011 मध्ये, दिल्लीच्या धुक्यात अडकलेल्या इंडिगोच्या विमानाच्या प्रकरणात, यातली एक रेघ आखून दिली. धुक्यामुळं झालेला उशीर ही सेवेतली त्रुटी नाही. पण ताटकळणाऱ्या प्रवाशांना किमान सोयी न देणं ही त्रुटी ठरते. डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली तेव्हा धुक्याकडं बोट दाखवायची सोय नव्हती. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम आधीच ठरलेले होते, नियोजन कमी पडलं.

कोल्हापूरकराच्या बाजूनं झालेला खरा बदल विमान खात्यानं केलेला नाही. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 मध्ये लागू झाला. तेव्हापासून कंपनीचं मुख्य कार्यालय कुठंही असो, ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, आणि 5 लाखांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही. म्हणजे कोल्हापूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात. तिथं कामाला येतो तो कंपनीचा पहिला मेसेज. त्यात 'ऑपरेशनल कारण' लिहिलेलं असेल आणि उत्तरात कंपनी हवामान सांगत असेल, तर तो स्क्रीनशॉट बोर्डिंग पासइतकाच जपावा. रिफंडऐवजी व्हाउचर पुढं केलं तर ते घ्यायचं की नाही, हे डीजीसीएच्या नियमानं प्रवाशानं ठरवायचं असतं.