मुलाच्या ‘नाही’ला वजन किती?

‘मुलं म्हणजे देवाघरची फुलं, ती खोटं बोलत नाहीत,’ असं काहीजण म्हणतात. काहीजण म्हणतात, ‘मुलांचं काय, पढवाल तसं बोलतात.’ घरच्या माणसाबद्दल मुलाला काही विचारायची वेळ आली, की ही दोन्ही वाक्यं हमखास ऐकू येतात. दोन्ही चुकीची आहेत आणि दोन्हींमुळे मुलांचं नुकसान होतं. मुलाने काहीतरी पाहिलंय, ‘कुणाला सांगायचं नाही’ असं आपल्याच माणसाने त्याला बजावलंय, आणि आता एक अनोळखी मोठं माणूस ‘काय झालं?’ म्हणून विचारतंय. अशा वेळी मुलाचं डोकं कसं चालतं, यावर मानसशास्त्रात मोजूनमापून केलेलं बरंच काम आहे. त्याचं सार असं, की मूल खरं सांगेल की नाही याचा ‘त्याला खरंखोटं कळतं का’ या प्रश्नाशी फार थोडा संबंध आहे. सांगितल्यावर काय होईल याचा मुलाने मनाशी केलेला हिशेब आणि आपल्या प्रश्नाची घडण, यावरच बहुतेक सगळं ठरतं.

आधी क्षमतेचं बघू. खोटं बोलायला तीन गोष्टी लागतात. मला जे माहीत आहे ते समोरच्याला माहीत नाही, हे उमगायला हवं. ओठांवर आलेलं खरं आवरता यायला हवं. आणि रचलेली गोष्ट पुढच्या प्रश्नांत सांभाळता यायला हवी. यातली पहिली गोष्ट साधारण चार ते पाच वर्षांच्या दरम्यान पक्की होते, हे हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर यांच्या १९८३च्या प्रयोगापासून माहीत आहे. पण कच्च्या स्वरूपात ती त्याआधीही असते. मायकेल लुईस यांनी १९८९मध्ये तीन वर्षांच्या मुलांना ‘मागे वळून खेळण्याकडे बघू नकोस’ असं सांगून एकटं सोडलं. ३३पैकी २९ जणांनी बघितलं, आणि त्यातल्या सुमारे ३८ टक्के मुलांनी ‘नाही बघितलं’ असं सांगितलं. मात्र या वयात तिसरी पायरी जमत नाही. ‘मग ते खेळणं कोणतं असेल, सांग बरं’ असं विचारलं, की मूल बिनदिक्कत त्याचं नाव सांगून मोकळं होतं.

दुसऱ्याला वाचवण्यासाठी गप्प राहणं याहून पुष्कळ सोपं आहे. त्यात गोष्ट रचावी लागत नाही, सांभाळावी लागत नाही. ‘काही नाही झालं’ एवढं म्हटलं की पुरतं. म्हणून पकडले जाण्याची भीतीही कमी.

घरच्या माणसासाठी मुलं खरंच गप्प राहतात का? बेट बॉटम्स आणि सहकाऱ्यांच्या २००२च्या अभ्यासात खेळता खेळता आईच्या हातून बाहुली मोडते आणि ती मुलाला हे गुपित ठेवायला सांगते. तीन-चार वर्षांच्या मुलांवर या सांगण्याचा फारसा परिणाम झाला नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलांनी मात्र माहिती राखून ठेवली. वय वाढलं की मूल जास्त भरवशाचं साक्षीदार होतं, हा समज इथे अर्धाच खरा ठरतो. त्याची आठवण सुधारते, पण राखायचं ते राखण्याची ताकदही त्याच सुमारास येते. पुढे तर ही निष्ठा कुटुंबापलीकडेही जाते. चीनमध्ये सात, नऊ आणि अकरा वर्षांच्या मुलांवर झालेल्या, २००८मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आपल्या वर्गाने बुद्धिबळाचा संघ निवडताना केलेली लबाडी झाकण्याचं प्रमाण वयाबरोबर वाढत गेलं.

हिशेब कसा चालतो हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते व्हिक्टोरिया तलवार, कांग ली, निकोलस बाला आणि रॉड लिंडसे यांच्या २००४च्या प्रयोगात. तीन ते अकरा वर्षांची १३७ मुलं. आई किंवा वडील हातमोज्यासारखी घालायची एक बाहुली मोडतात आणि ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणतात. एकूणात बहुतेक मुलांनी खरं सांगितलं. चौकशीच्या वेळी पालक खोलीत असोत वा नसोत. पण प्रयोगकर्त्यांनी एक गोष्ट बदलली. बाहुली मोडल्याचा आळ मुलावर येण्याची शक्यता त्यांनी कमी केली. तेव्हा खोटं बोलणारी मुलं लक्षणीयरीत्या वाढली. आळ आपल्यावर येणार असेल तर खरं सांगण्यात फायदा. तो धोका टळला, की पालकाला वाचवणं परवडतं. मुलं दोन्हीकडचं तोलतात, आणि नीट तोलतात. याला बिघडलेली नीतिमत्ता म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. जेवण, झोप आणि माया ज्या माणसाकडून मिळते त्याला धक्का लागला तर आपलं काय, हा प्रश्न सहा वर्षांच्या जिवासाठी अगदी रास्त आहे.

याच प्रयोगात खरंखोटं म्हणजे काय याची परीक्षाही घेतली होती. त्या उत्तरांचा प्रत्यक्ष वागण्याशी संबंध होता, पण मर्यादित. खरं-खोटं यावर बोलून मग ‘मी खरं सांगेन’ असं मुलाकडून वदवून घेतल्यावर मात्र जास्त मुलं खरं बोलली. या धर्तीच्या संशोधनाचा आधार घेऊन कॅनडाने साक्षीचा कायदा बदलला. २००६पासून तिथे चौदा वर्षांखालच्या साक्षीदाराकडून फक्त खरं सांगण्याचं वचन घेतात. ‘वचन म्हणजे काय, सांग’ अशी परीक्षा घेता येत नाही.

वचन चालतं म्हणून कुणाच्या जिवाची शपथ घालणं मात्र पूर्ण चुकीचं. ज्या आईला वाचवायला मूल गप्प आहे, तिच्याच जिवाची शपथ घातली तर आपण त्याच्या पारड्यात आणखी एक भीती टाकतो. ‘नजर चोरतोय, म्हणजे खोटं बोलतोय’, ‘उजवीकडे वर बघितलं की थाप’ असल्या गोष्टी तर निखालस थोतांड आहेत. डोळ्यांच्या दिशेचा आणि खोटं बोलण्याचा संबंध २०१२च्या अभ्यासात तपासला गेला. तो सापडला नाही. मुलांचं खोटं मोठ्यांना कितपत ओळखता येतं यावरच्या अनेक अभ्यासांचं २०१७मध्ये एकत्र विश्लेषण झालं. सरासरी अचूकता निघाली ५४ टक्के. नाणं उडवलं तर ५०.

आता या सगळ्यातला सर्वांत सुंदर शोध. थॉमस लायन, जोडी क्वास आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये चार ते नऊ वर्षांच्या २६४ मुलांवर केलेला प्रयोग असा : मूल एका अनोळखी माणसाबरोबर खेळतं, काही मुलांच्या बाबतीत खेळणी मोडतात, आणि तो माणूस ते गुपित ठेवायला सांगतो. नंतर विचारणारी व्यक्ती काही मुलांना एवढंच म्हणते, ‘त्यांनी मला काय काय झालं ते सगळं सांगितलंय, आणि तू खरं सांगावंस असं त्यांना वाटतं.’ या वाक्याविना खेळणी मोडल्याचं सुमारे एक तृतीयांश मुलांनीच सांगितलं. वाक्यानंतर सुमारे निम्म्यांनी. आणि खेळणी न मोडताच ‘मोडली’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण वाढलं नाही.

वाक्याचे दोन भाग बघा. ‘सगळं सांगितलंय’ म्हटल्यावर फोडायला गुपितच उरत नाही, आणि पहिल्यांदा सांगण्याचा बोजा उतरतो. ‘तू खरं सांगावंस असं त्यांना वाटतं’ म्हटल्यावर निष्ठा आणि सत्य एकाच बाजूला येतात. आता सांगणं म्हणजेच त्या माणसाचं ऐकणं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, काय झालं याबद्दल वाक्यात एक अक्षर नाही. ‘त्यांनी खेळणं मोडल्याचं सांगितलंय’ असा एक शब्द घातला, की उत्तर आपणच मुलाच्या तोंडी दिलं, आणि त्याच्या ‘हो’ची किंमत गेली. प्रत्यक्ष चौकशीत समोरच्याने काहीच कबूल केलेलं नसेल तर हे वाक्य मुलाशी खोटं बोलणं ठरेल. म्हणून पुढे ‘मी जर म्हटलं, की त्यांनी मला सगळं सांगितलंय, तर?’ असा जर-तरचा प्रकार तपासला गेला. त्यानेही सांगणाऱ्यांचं प्रमाण वाढतं.

वाक्यात माहिती नसणं इतकं मोलाचं का, हे कळायला उलट टोकाचा प्रयोग बघायला हवा. लाइटमन आणि सेसी यांच्या १९९५च्या अभ्यासात एक पाहुणा बालवाडीत दोन मिनिटं येऊन काहीही न करता जातो. तो वेंधळा आहे असं आधी मुलांचे कान भरलेले असतात, आणि नंतर दहा आठवडे सूचक प्रश्न विचारले जातात. शेवटी थेट विचारल्यावर तीन-चार वर्षांच्या ७२ टक्के मुलांनी पाहुण्याने वस्तू खराब केल्याचं सांगितलं.

हे आकडे आता एकत्र मांडू. प्रयोग वेगवेगळे आहेत, त्यामुळे उत्तर ढोबळच येईल. मुलाशी बोलण्याआधी घटना घडली असण्याची शक्यता ५० टक्के धरा. म्हणजे १०० मुलांपैकी ५० जणांच्या बाबतीत घडलंय. साध्या प्रश्नांना त्यातली १७ सांगतील, ३३ ‘नाही’ म्हणतील. न घडलेली सगळी ५० ‘नाही’च म्हणतील असं धरू. एकूण ‘नाही’ ८३, त्यात घडलेली ३३. म्हणजे ४० टक्के. मुलाच्या स्पष्ट नकाराने आपला अंदाज ५० वरून फक्त ४० वर यायला हवा. निम्मी मुलं सांगत असतील तर ७५ नकारांत घडलेली २५, म्हणजे ३३ टक्के. आता कान भरलेल्या मुलांचं ‘हो’ घ्या. घडलेल्या सगळ्या ५० जणांनी ‘हो’ म्हटलं असं उदारपणे धरलं, तरी न घडलेल्यांपैकी ७२ टक्के, म्हणजे ३६ जणही ‘हो’ म्हणतात. ८६पैकी ५० म्हणजे ५८ टक्के. इतक्या चौकशीनंतर आपण ५० वरून ५८ वर आलो! न पढवलेल्या, मोकळ्या प्रश्नाला आलेलं ‘हो’ याच्या कितीतरी पट जड असतं.

म्हणून प्रश्नाची घडण. मायकेल लॅम्ब आणि सहकाऱ्यांनी बांधलेली मुलाखतीची पद्धत जगभर वापरली जाते. तिचा क्रम असा : मुलाशी एकट्याशी बोलायचं, घरचं कुणी खोलीत नको, सगळं रेकॉर्ड करायचं. आधी नियम, आणि तेही सराव करून. ‘माझ्या कुत्र्याचं नाव काय?’ विचारायचं, मूल ‘माहीत नाही’ म्हणालं की ‘बरोबर, माहीत नसेल तर असंच सांगायचं’. पाच वर्षांच्या मुलाला ‘तू दोन वर्षांचा आहेस’ असं म्हणून आपली चूक त्याला दुरुस्त करू द्यायची. मग एखाद्या साध्या, आनंदाच्या प्रसंगाबद्दल सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोलायला लावायचं, म्हणजे लांब उत्तर अपेक्षित आहे हे त्याला कळतं. त्यानंतर मुद्दा : ‘आज तू माझ्याशी बोलायला का आलास, ते सांग.’ आणि पुढे फक्त ‘मग काय झालं?’ किंवा मुलाचाच शब्द घेऊन ‘तू पट्टा म्हणालास, त्याबद्दल सगळं सांग.’ मूल थांबलं तर आपणही थांबायचं. बहुतेक लोक इथेच घाई करतात.

चुका ठरलेल्या असतात. ‘बाबांनी मारलं का?’ या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं आहे. ‘तुला आठवतं का काय झालं?’ याला आलेलं ‘नाही’ म्हणजे आठवत नाही की झालं नाही, हे कुणालाच सांगता येत नाही. तोच प्रश्न पुन्हा विचारला की आपलं पहिलं उत्तर चुकलं असं मुलाला वाटतं आणि ते उत्तर बदलतं. ‘आधी का नाही सांगितलंस?’ हा दोषारोप होतो. ‘मी कुणाला सांगणार नाही’ हे पाळता न येणारं वचन आहे. ते मोडल्यावर मूल पुन्हा तोंड उघडत नाही.

एकदा सांगितलेलं मूल फिरवूही शकतं. मॅलॉय, लायन आणि क्वास यांनी २००७मध्ये लैंगिक अत्याचाराची २५७ सिद्ध प्रकरणं तपासली. २३.१ टक्के मुलांनी कधी ना कधी जबाब फिरवला होता. फिरवण्याची शक्यता जास्त होती ती वयाने लहान मुलांत, अत्याचार करणारी व्यक्ती पालकाच्या जागी असलेल्यांत, आणि दुसऱ्या पालकाने मुलावर विश्वास न ठेवलेल्यांत. यातल्या पहिल्या दोन गोष्टी कुणाला बदलता येत नाहीत. तिसरी येते. म्हणून मुलाने सांगितल्यावर त्याच आठवड्यात त्या दुसऱ्या पालकाशी स्वतंत्र बोलावं, घरखर्च आणि राहण्याची सोय काय होणार हे त्यांना स्पष्ट सांगावं, आणि पुढच्या भेटीला मुलाला कोण घेऊन येतंय, वाटेत त्याच्याशी कोण काय बोललं, याची नोंद ठेवावी.